कागद पुरे, तरी शाखेचं दार बंद : लीना फर्ग्युसन यांचं प्रकरण

1980 साली मॉरिस बार्बोझा नावाचे एक कृष्णवर्णीय वकील 'सन्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' या संस्थेत दाखल झाले. त्यांचे पूर्वज जोना गे हे मेन राज्यातल्या फ्रेंडशिप गावचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्रजांविरुद्ध उभे राहिले होते. संस्थेने पिढ्यांचे दाखले तपासले आणि ते जुळताच नाव नोंदवून घेतलं. तोच पूर्वज आणि तेच दाखले घेऊन बार्बोझांच्या मावशी लीना सँटोस फर्ग्युसन यांनी बायकांच्या संस्थेचं, म्हणजे 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन'चं दार ठोठावलं. भाच्याला सहज मिळालेली जागा त्यांना पूर्ण हक्कानिशी मिळायला चार वर्षं गेली.

फर्ग्युसन बाई वॉशिंग्टनमध्ये एका शाळेत सेक्रेटरी होत्या. त्या कृष्णवर्णीय होत्या आणि त्यांचा हा पूर्वज गोरा होता. प्रकरणाचा सगळा पीळ या दोन गोष्टींत आहे. पूर्वजांच्या लढाईचा मान वारसांना देणाऱ्या संस्था चालतात कशा, आणि त्यांत माणूस नेमका कुठे अडवला जातो, हे इतकं उघड दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

संस्था कुठून आल्या

या प्रकारची पहिली अमेरिकन संस्था युद्ध संपता संपताच निघाली. मे 1783 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फिशकिल इथल्या छावणीत हेन्री नॉक्स आणि इतर अधिकाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी' स्थापली आणि जॉर्ज वॉशिंग्टन तिचे पहिले अध्यक्ष झाले. सभासदत्व अधिकाऱ्याकडून थोरल्या मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या थोरल्या मुलाकडे जायचं होतं. राजा घालवायला आठ वर्षं लढलेल्या देशात ही तर नवी सरदारकीच, अशी ओरड लगेच झाली.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी जानेवारी 1784 मध्ये आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात या कल्पनेची चिरफाड केली आहे. त्यांनी चक्क हिशोब मांडला : मुलात बापाचा अर्धा वाटा, नातवात पाव, आणि असं करत नऊ पिढ्या खाली गेलं की मूळ वीराचा वाटा उरतो पाचशे बारावा. मान द्यायचाच तर तो वर जावा, असं ते म्हणतात. चीनमध्ये कर्तबगार माणसाच्या आईवडिलांना मान मिळतो, कारण त्याला घडवण्यात त्यांचा हात असतो; ज्या वंशजाने काहीच केलेलं नाही त्याला तो का द्यावा? फ्रँकलिन यांचा युक्तिवाद आजही खोडता येत नाही, असं मला वाटतं. पण लोकांना तो पटूनही त्यांनी संस्था काढल्याच. आपला खापरपणजोबा अमक्या लढाईत होता हे कळल्यावर माणूस हलतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. त्या भावनेला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. ती भावना कुणाकुणाला बाळगू दिली जाते, हा खरा प्रश्न.

शंभर वर्षांनी, 1889 मध्ये 'सन्स' निघाली. तिने बायकांना प्रवेश नाकारला. तेव्हा मेरी स्मिथ लॉकवुड, एलेन हार्डिन वॉलवर्थ, युजिनिया वॉशिंग्टन आणि मेरी डेशा यांनी पुढाकार घेतला आणि ऑक्टोबर 1890 मध्ये 'डॉटर्स'ची स्थापना झाली. तिला सगळे डीएआर म्हणतात. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि 1896 मध्ये संसदेची सनद मिळाली. नाकारलेल्या बायकांनी उभी केलेली संस्था ही, हे पुढचं वाचताना विसरता येत नाही.

डीएआरचे नियम सिनसिनाटीपेक्षा कितीतरी मोकळे होते. थोरल्या मुलाची अट नाही. अठरा वर्षांवरची कुठलीही बाई, तिच्या आईकडून, आजीकडून, पणजीच्या आईकडून, कुठल्याही फांदीने रक्ताचं नातं दाखवू शकली की पुरे. पूर्वज बंदूक घेऊन लढलेलाच हवा असंही नाही. सैन्याला धान्य, जनावरं पुरवणारा, गावच्या समितीवर बसलेला, नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेतलेला, हे सगळे चालतात. आमच्या घरच्या वंशावळीवर मी काही वर्षं काम करते आहे. तिच्यात एका पिढीखाली नुसतं 'मुली 3' एवढंच लिहिलेलं आहे, पुढे नाव नाही, सासर नाही. अशा वंशावळीवर डोळे घालून बसलेल्या बाईला डीएआरचा हा नियम फार मोठा वाटतो. लेकींच्या बाजूने इतक्या मागे जाणारी वंशावळ आपल्याकडे क्वचितच सापडते.

दोन दारं

आता अर्जाची रीत. ही नीट समजली तरच प्रकरण कळतं.

पहिलं दार कागदाचं. अर्जदार आपल्यापासून पूर्वजापर्यंत एकेक पिढी मांडते आणि प्रत्येक सांध्याला पुरावा जोडते : जन्मदाखला, विवाहनोंद, मृत्युपत्र, जमिनीचे व्यवहार, शिरगणतीतली ओळ. वॉशिंग्टनच्या मुख्यालयातल्या वंशशास्त्री ते तपासतात. त्या कडक आहेत, आणि असायलाच हव्यात. स्वातंत्र्ययुद्धाचे बरेचसे मूळ लष्करी कागद नोव्हेंबर 1800 मध्ये युद्धखात्याला लागलेल्या आगीत गेले. त्यामुळे नंतरच्या पेन्शनच्या फायली सोन्याच्या मोलाच्या झाल्या. 1818, 1832 आणि 1836 च्या कायद्यांखाली म्हाताऱ्या सैनिकांनी आणि त्यांच्या विधवांनी पेन्शन मागितली. लग्न सिद्ध करायला हाताशी दाखला नाही, म्हणून काही विधवांनी घरच्या बायबलमधलं पान कापून अर्जाला जोडलं. त्या काळी बायबलच्या मधल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहायची पद्धत होती. ती कापलेली पानं आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. एका पानावर आठ-दहा मुलांची नावं, वेगवेगळ्या शाईत, एकाखाली एक.

दुसरं दार माणसांचं. सभासद होण्यासाठी एखाद्या स्थानिक शाखेने तुम्हाला घ्यावं लागे. शाखेतल्या दोन सभासदांनी शिफारस करायची आणि मग शाखेने कौल द्यायचा. या दाराला लेखी निकष नव्हता, नकाराचं कारण सांगायची सक्तीही नव्हती. एखाद्या भिशीत किंवा महिला मंडळात नवी बाई घेताना जसं होतं, तसंच. फरक इतकाच की भिशी देशाच्या इतिहासाचा वारसा सांगत नाही.

फर्ग्युसन पहिल्या दाराशी अडल्या नव्हत्या. जोना गे यांच्याशी त्यांचं नातं सिद्ध होत होतं. त्यांना राहत्या शहरातल्या मेरी वॉशिंग्टन शाखेत जायचं होतं आणि तिथलं दार उघडेना. मध्यंतरी मुख्यालयाने त्यांना कुठल्याच शाखेशी न जोडलेलं सभासदत्व दिलं. म्हणजे नाव वहीत लागलं, पण बैठकीत बसता येईना. हा तोडगा मला नकारापेक्षाही बोचतो. संस्थेने रक्त मान्य केलं आणि बाईंना मात्र दारातच उभं ठेवलं.

आधीची सावली

डीएआरच्या नावावर एक जुना डाग होताच. वॉशिंग्टनमधलं कॉन्स्टिट्यूशन हॉल तिच्या मालकीचं. तिथे फक्त गोऱ्या कलाकारांनी गावं, अशी अट भाडेकरारात होती. 1939 मध्ये मॅरियन अँडरसन या जगभर गाजलेल्या कृष्णवर्णीय गायिकेला त्याच अटीवरून हॉल नाकारलं गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी फेब्रुवारीत डीएआरच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. 9 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या आणि सुमारे 75,000 माणसं समोर उभी होती. त्याच अँडरसन 1943 मध्ये कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्येही गायल्या, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या पायऱ्याच.

आणि फर्ग्युसन या पहिल्या कृष्णवर्णीय अर्जदार नव्हत्या. डेट्रॉइटच्या कॅरन फार्मर यांनी 1976 मध्ये, देशाच्या दोनशेव्या वर्षी, घरचा शोध सुरू केला आणि त्या पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम हूड या सैनिकापर्यंत पोचल्या. राष्ट्रीय अभिलेखागारातले जेम्स वॉकर यांनी मदत केली, मिशिगनमधल्या एझ्रा पार्कर शाखेने त्यांना घेतलं आणि डिसेंबर 1977 मध्ये ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. म्हणजे बंदी कुठल्याच नियमात नव्हती. मिशिगनच्या शाखेने घेतलं, वॉशिंग्टनच्या शाखेने नाही. एका शाखेचा चांगुलपणा दुसरीला बांधून ठेवत नाही आणि हक्क शेजाऱ्यांच्या मर्जीवर जातो, हे या दोन अर्जांनी तीन वर्षांच्या अंतरात दाखवून दिलं.

मार्च 1984

12 मार्च 1984 रोजी वॉशिंग्टन पोस्टने फर्ग्युसन यांची हकीकत छापली. बातमीदार होते रोनल्ड केसलर. त्यांनी संस्थेच्या राष्ट्रीय अध्यक्षा सारा किंग यांना विचारलं, तेव्हा त्यांनी शाखांच्या स्वायत्ततेकडे बोट दाखवलं. काळं असणं हे शाखेत न घेण्याचं एकमेव कारण नसतं, असं त्या म्हणाल्या. घटस्फोट, आकस, शेजाऱ्यांची नापसंती अशी इतरही कारणं असतात आणि त्यांत काळं असणं खूप खाली येतं. भांडखोर माणसं आत नकोशी वाटतात, असंही त्यांनी जोडलं.

हे उत्तर मी बऱ्याचदा वाचलं आहे. किंग यांना बचाव करायचा होता, पण त्यांच्या तोंडून कबुली निघाली. यादीत खाली का होईना, रंग हे कारण आहे हे संस्थेच्या प्रमुखांनीच सांगून टाकलं. आणि बाकीची कारणं तरी काय? ज्या संस्थेची अट 'तुमचा पूर्वज कोण' एवढीच आहे, तिथे अर्जदाराच्या घटस्फोटाचा किंवा शेजारणीच्या रागाचा संबंध कुठे येतो? युद्धात सेवा केली ती जोना गे यांनी. त्या सेवेला घटस्फोटाने बाधा येत नाही आणि नातीच्या रंगानेही येत नाही.

त्यानंतर चक्रं भराभर फिरली. डीएआरच्या वॉशिंग्टनमधल्या इमारतींना मालमत्ताकराची सूट होती. ती काढून घेण्याचा इशारा शहराच्या कौन्सिलने दिला. भर शहरात संस्थेची केवढी मोठी वास्तू आहे हे पाहिलं की त्या इशाऱ्याचं वजन कळतं. किंग यांनी भूमिका बदलली : फर्ग्युसन यांना घ्यायलाच हवं होतं, त्यांचा अर्ज ज्या रीतीने हाताळला गेला ती रीत अयोग्य होती. अखेर लेखी समझोता झाला. फर्ग्युसन मेरी वॉशिंग्टन शाखेच्या सभासद झाल्या. वंश किंवा धर्ममतावरून भेद करता येणार नाही, असं उपविधीत लिहिलं गेलं. आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या कृष्णवर्णीय देशभक्तांची नावं शोधून छापण्याचं काम संस्थेने अंगावर घेतलं.

चार वर्षं सभ्यपणे वाट पाहून जे झालं नाही ते करसवलत धोक्यात आल्यावर काही महिन्यांत झालं. मला यात आनंद वाटत नाही. पण सार्वजनिक सवलत घेणाऱ्या संस्थेला सार्वजनिक जाब विचारता येतो, आणि तो विचारण्याची जागा कुठे असते, हे या प्रकरणातून स्वच्छ कळतं.

तिसरं कलम

समझोत्यातलं शाखाप्रवेशाचं कलम बातमीत गाजलं. मला मोठं वाटतं ते नावं शोधण्याचं. फर्ग्युसन आणि बार्बोझा यांनी तो आग्रह धरला नसता, तर प्रकरण एका बाईच्या प्रवेशावर मिटलं असतं.

जरा थांबून विचार करा. फर्ग्युसन यांचा दावा टिकला, कारण त्यांचा पूर्वज गोरा, स्वतंत्र, आणि म्हणून कागदावर नावानिशी हजर होता. त्याच युद्धात अमेरिकनांच्या बाजूने सुमारे 5,000 कृष्णवर्णीय लढले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ऱ्होड आयलंडने तर 1778 मध्ये गुलामांना स्वातंत्र्याचं वचन देऊन पलटणीत भरती केलं. त्यांच्या पणत्यांनी कागदाच्या दाराशी यावं कसं?

1850 च्या शिरगणतीतल्या गुलामांच्या तक्त्याचं पान पाहिलं की अडचण डोळ्यांना दिसते. डावीकडे मालकाचं नाव, पूर्ण. त्याच्यापुढे खाली खाली आकड्यांच्या ओळी. एकेका ओळीत वय, स्त्री की पुरुष, आणि रंगाचं एक अक्षर. पळून गेले असल्यास रकाना, मुक्त केलं असल्यास रकाना. नावाचा रकानाच नाही. आई आणि मूल एकाखाली एक असतील, पण ते आई-मूल आहेत हे पान सांगत नाही. 1860 लाही तेच. गुलामगिरीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं शिरगणतीत प्रथम येतात ती 1870 मध्ये. म्हणून कृष्णवर्णीय घराण्यांचा शोध घेणारे त्या सालाला भिंत म्हणतात. 1870 पासून 1780 पर्यंतच्या नव्वद वर्षांत तीन-चार पिढ्या बसतात, आणि त्या जोडायच्या असतात मालकाच्या मृत्युपत्रातल्या, विक्रीखतातल्या, कर्जाच्या तारणातल्या पहिल्या नावांवरून.

डीएआरच्या नियमात कुठेही रंग नाही. पण दाखला मागणारा नियम, ज्यांचे दाखले राज्यानेच ठेवले नाहीत त्यांच्यावर वेगळाच चालतो. वंशशास्त्रींनी कडकपणा सोडावा असं मी म्हणणार नाही. खोटी वंशावळ कुणाच्याच मानाची नसते. पण पुरावा मागणाऱ्यानेच पुरावा शोधायला बसावं, ही या कलमातली मागणी मला अत्यंत न्याय्य वाटते.

इथे मला भीमा कोरेगावचा स्तंभ आठवतो. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावं त्यावर कोरली आहेत आणि त्यांतल्या शेवटी 'नाक' येणाऱ्या नावांवरून महार सैनिक ओळखता येतात. पुढे इंग्रजांनी महारांची भरती थांबवली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि पेन्शनीतले सैनिक अर्ज लिहायला बसले. त्यांच्या हाती हीच पूर्वजांची सेवा होती. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 ला त्या स्तंभाशी गेले. लढाई कोणाची होती यावर वाद घालता येतो, लोक घालतातही. पण दगडावर नाव होतं, म्हणून शंभर वर्षांनी नातवाला बोट ठेवून बोलता आलं. अमेरिकेतल्या त्या पाच हजारांपैकी कितीतरी जणांना तेवढाही दगड नव्हता.

पुढे काय झालं

कलम लिहिलं गेलं म्हणून काम लगेच झालं नाही. डीएआरने आधी राज्यवार छोट्या पुस्तिका काढल्या. शोध पुरेसा खोल नाही, अशी टोचणी बार्बोझा देत राहिले. 2001 मध्ये एकत्रित यादी आली आणि 2008 मध्ये 'विसरलेले देशभक्त' या अर्थाच्या नावाने तिची मोठी आवृत्ती. तिच्यात कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी मिळून 6,600 हून अधिक नावं आहेत. समझोत्यापासून या पुस्तकापर्यंत चोवीस वर्षं गेली. उशीर झाला हे खरंच, पण हे काम चिकाटीचं आहे आणि ज्या वंशशास्त्रींनी ते केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. हजेरीपटात एखाद्या नावापुढे रंगाचा उल्लेख आहे का, हे पान न पान पाहिल्याशिवाय कळत नाही.

बार्बोझांनी दुसरी खटपटही चालवली. वॉशिंग्टनमध्ये या कृष्णवर्णीय देशभक्तांचं स्मारक व्हावं म्हणून 1986 मध्ये त्यांनी संसदेची परवानगी मिळवली. पैसे वेळेत उभे राहिले नाहीत, मुदत संपली आणि 2013 मध्ये परवानगी पुन्हा मिळवावी लागली.

'सन्स'मध्ये 2006 साली हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स दाखल झाले. त्यांचे पूर्वज जॉन रेडमन हे स्वतंत्र कृष्णवर्णीय सैनिक होते. हा दावा कृष्णवर्णीय पूर्वजाच्याच नावावर उभा होता. फर्ग्युसन आणि गेट्स यांच्यातलं हे अंतर मला महत्त्वाचं वाटतं. 2019 मध्ये विल्हेल्मिना ऱ्होड्स केली या डीएआरच्या न्यूयॉर्क राज्याच्या प्रमुख झाल्या आणि राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सभासद ठरल्या.

फर्ग्युसन बाई मेरी वॉशिंग्टन शाखेत गेल्या आणि राहिल्या. वॉशिंग्टनमधल्या डीएआरच्या शिष्यवृत्ती समितीचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, म्हणजे ज्यांनी दार लावलं होतं त्यांच्याच संस्थेतून शहरातल्या मुलांच्या हाती शिक्षणाचा पैसा पोचवला. 2004 मध्ये त्या वारल्या.

डीएआरच्या रीतीत आणखी एक गोष्ट आहे. एकदा मान्य झालेली वंशावळ दप्तरात राहते आणि पुढच्या अर्जदाराला मुळापासून सिद्ध करावी लागत नाही; आधीच्या सभासदाशी जिथे सांधा जुळतो तिथपर्यंतच दाखले जोडायचे. जोना गे यांच्यापासून लीना फर्ग्युसन यांच्यापर्यंतच्या पिढ्या त्या दप्तरात लागलेल्या आहेत. त्या घराण्यातल्या एखाद्या मुलीने उद्या अर्ज भरला, तर तिला फक्त आपल्यापासून त्या ओळीपर्यंत यायचं आहे.